पोटुशीचा नंबर

कासिल्दाच्या पार्लरमध्ये शनिवारी येणाऱ्या निम्म्या बायका केसांसाठी येतच नसत, भिशीसाठी येत. डोक्याला रोलर लावून ड्रायरखाली बसायचं, अख्ख्या वस्तीची धुणी धुवायची आणि उठताना ब्लाउजमध्ये खोचलेले पैसे काढून कासिल्दाच्या हातावर ठेवायचे. आमच्याकडे या भिशीला सान म्हणतात. नाव काहीही असो, जात तीच: सगळ्यांनी थोडंथोडं घालायचं आणि ज्या महिन्यात जिचा नंबर, तिने सगळं उचलायचं. ना कागद, ना सही. कासिल्दाचा शब्द हीच बँक, आणि बानी गावातल्या खऱ्या बँकांपेक्षा ही बँक वस्तीला जास्त भरवशाची वाटायची.

नंबर चिठ्ठ्या टाकून ठरायचे. एकदा ठरला की मोडायचा नाही, अपवाद फक्त एक. भिशीतली एखादी पोटुशी राहिली की तिचा नंबर सगळ्यांत पुढे, आणि जिचा नंबर त्या महिन्यात असेल तिने मुकाट्याने तिच्याशी बदलून घ्यायचा. हा नियम कासिल्दाने कधी केला आणि का केला, हे कुणी विचारलं नाही. "फ्रीज थांबतो, मोटरसायकल थांबते," ती म्हणायची, "बाळ थांबत नाही." नियम चांगला होता. चांगल्या नियमाविरुद्ध भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत होती.

ही पंचाईत ज्या बाईची व्हायची ती युदेल्का. कासिल्दाच्याच पार्लरमध्ये कामाला, हात असा हलका की कुरळ्यातले कुरळे केस तिच्या ब्रशखाली सरळ व्हायचे आणि बाईला कळायचंही नाही. मागच्या फेरीत तिचा नंबर महिन्यावर आला आणि भिशीतल्याच चेआला चौथं राहिलं. तीन होतीच, चौथं चुकून, असं चेआ स्वतःच हसत सांगायची. युदेल्काने नंबर दिला. शेवटचा मिळाला, आणि तोवर सिमेंट इतकं महागलं की त्या पैशात घराच्या भिंतींवर नुसता बीम फिरला. या फेरीत पुन्हा नंबर जवळ आला तर बेकरीवालीला जुळं राहिलं. एक नाही, दोन! युदेल्काने तोही नंबर दिला, वर बेकरीवालीच्या बाळांच्या पार्टीसाठी तिचे केसही फुकट सेट करून दिले.

म्हणजे बघा, जी बाई आधी पैसे साठवू आणि मग मूल आणू म्हणत होती, तिचे साठवलेले पैसे न साठवता मूल आणणाऱ्या बायका उचलून नेत होत्या. युदेल्का हे कुणाला बोलून दाखवायची नाही. पण आरशात, समोरच्या खुर्चीतल्या बाईच्या फुगलेल्या पोटावर तिची नजर गेली की तिचा ब्रश क्षणभर थांबायचा. तिला मूल हवं होतं. छत्तीस वर्षांची झाली होती ती, आणि इतकं हवं होतं की कोल्मादोत, म्हणजे चौकातल्या किराणा दुकानात, कुणाचं तान्हं दिसलं की ती घ्यायचं सामान विसरून परत यायची.

मग अडलं कुठे होतं? अडलं होतं स्लॅबवर.

युदेल्काचा नवरा फाउस्तो सळया बांधायचा. बानीत कुठेही घराला स्लॅब पडायची असेल तर सळयांची जाळी विणायला फाउस्तोला बोलावणं जायचं. आठवडाभर तो लोकांच्या डोक्यावर छप्पर घालायचा आणि संध्याकाळी स्वतः पत्र्याखाली येऊन झोपायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. संसार मांडून सात वर्षं झाली होती, आणि पहिल्याच वर्षी त्याने सांगितलं होतं, "आधी स्लॅब, मग मूल." रागाने नव्हतं सांगितलं, हुकूम म्हणूनही नव्हतं. हात जोडून सांगावं तसं सांगितलं होतं, म्हणून तर युदेल्काला त्याच्याशी भांडता आलं नाही.

कारणही तसंच होतं. फाउस्तो वर ओकोआच्या डोंगरातला. तो सहा वर्षांचा असताना ते मोठं वादळ आलं आणि त्यांच्या घराचे पत्रे उचलून पलीकडच्या दरीत टाकले. आई तोमासिना, पदरात पाच पोरं, डोक्यावर आभाळ. तिने फाउस्तोला खाली बानीत आणलं आणि दोन्या आउरा, म्हणजे आउराबाई, नावाच्या दुकानवालीकडे ठेवलं. आउराला मूल नव्हतं आणि तिच्या घराला स्लॅब होती. "छप्पर होईपर्यंत," आई म्हणाली होती. छप्पर झालं असेल केव्हातरी, पण फाउस्तो काही परत गेला नाही. आउराने त्याला वाढवलं, शाळेत घातलं, मरताना त्याचा हात धरून मेली. वाईट वागवलं असं कुणी म्हणणार नाही. पण तो सांगायचा की कितीतरी वर्षं पाऊस आला की तो त्या पक्क्या छताखाली झोपून वर बघायचा आणि त्याला त्या छताचा राग यायचा. आईकडे तो गेली आठ वर्षं फिरकलाही नव्हता.

"आपलं मूल आपल्याला कुणाला द्यायला लागता कामा नये," तो म्हणायचा. "वारा आला, पत्रे गेले, दे पोर शेजाऱ्याला. नाही, युदे. आधी स्लॅब."

अशा माणसाला काय म्हणणार? युदेल्का म्हणायची, "बरं." सात वर्षं बरं म्हणत होती.

आणि आता, अखेर, घास हातातोंडाशी आला होता. या महिन्याचा नंबर युदेल्काचा. सळया घरामागे येऊन पडल्या होत्या, फाउस्तोने टेकूची लाकडं उसनी ठरवली होती, काँक्रीट ओतायला येणारे मित्र ठरले होते, त्या दिवशी सगळ्यांना खिलवायच्या सांकोचोचं, म्हणजे मांस-कंदांच्या रश्श्याचं, मोठं पातेलंही चेआकडून आणून ठेवलं होतं. राहिले होते फक्त भिशीचे पैसे, आणि ते शनिवारी मिळणार होते.

त्या शनिवारी युदेल्का सकाळपासून गुणगुणत होती. चेआच्या डोक्याला औषध लावत होती, केस सरळ करायचं, ते नाकात झोंबणारं. तेवढ्यात यारित्सा आली. विशीची पोर, नेलपॉलिशच्या दुकानात कामाला, भिशीत याच फेरीला नवी. येऊन खुर्चीवर बसली, मग उठली, मग परत बसली.

"काय गं, खुर्चीला काटे आहेत?" चेआ म्हणाली.

"दोन्या कासिल्दा," यारित्सा म्हणाली आणि थांबली. मग एका दमात म्हणाली, "मला राहिलंय. तीन महिने झाले. एदिसन म्हणतो की लग्न करू, पण आधी खोली भाड्याने घ्यावी लागेल, आणि त्याच्या आईने मला घरात घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

पार्लरमध्ये एकदम कलकलाट झाला. कुणी अभिनंदन केलं, कुणी एदिसनच्या आईला शिव्या घातल्या, कुणी दोन्ही केलं. मग हळूहळू एकेक आवाज बंद होत गेला, कारण एकेकीच्या लक्षात आलं. ड्रायरखालच्या बायकांनी डोकी बाहेर काढली. सगळ्या युदेल्काकडे बघत होत्या, आणि बघत नाही असं दाखवत होत्या.

कासिल्दा जड बाई, पण उठून जवळ आली. तिने युदेल्काच्या दंडावर हात ठेवला. "पोरी," ती म्हणाली, "मला माहितेय तुझं काय चाललंय. पण नियम..."

"मलाही राहिलंय," युदेल्का म्हणाली.

हे वाक्य तिने ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. तोंडातून निघालं आणि तिलाही ते बाकीच्यांबरोबरच ऐकू आलं.

"काय?"

"मलाही. दोन महिने. मी सांगणार होते, पण म्हटलं जरा थांबावं, पहिले तीन महिने सांगू नये म्हणतात ना."

पुढे जे झालं त्याला गोंधळ म्हणणंही कमी पडेल. चेआ अर्ध्या डोक्याला औषध लावलेली तशीच उठली आणि तिने युदेल्काला मिठी मारली. बेकरीवाली रडायला लागली. "सात वर्षांनी! अगं, मी रोज प्रार्थना करत होते," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावरून ते खरं असावं असं वाटत होतं. कासिल्दाने काय करावं? तिने युदेल्काच्या हातातला औषधाचा ब्रश हिसकावून घेतला. "आणि हे विष हुंगत उभी राहिलीस सकाळपासून? अक्कल आहे का? आजपासून तू नुसतं केस धुवायचे आणि रोलर लावायचे. औषध मी लावेन."

"दोन्या, माझं डोकं जळतंय," चेआ ओरडली.

"जळू दे. तुझ्या डोक्यात आहे काय जळायला?"

दोन पोटुश्या एकदम आल्या की जिचा नंबर आधीचा तिचाच कायम, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. यारित्साला पुढच्या महिन्याचा मिळाला. ती म्हणाली, "चालेल, एक महिना मी मावशीकडे काढेन." म्हणताना तिचा चेहरा जरा पडला, तो युदेल्काने पाहिला आणि मग आरशाकडे बघितलं नाही.

इतक्यात चेआने दोन खुर्च्यांवर दोन उश्या मांडल्या. "बस, बस, कुठल्याही एकीवर बस!" युदेल्का बसली. चेआने तिला उठवून उशी उचलली. खाली कात्री होती. दुसऱ्या उशीखाली वस्तरा होता, तो मुलाचा.

"कात्री! मुलगी!" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

मुलगी. युदेल्काच्या पोटात कुठेतरी हा शब्द जाऊन बसला, जिथे काहीच नव्हतं तिथे. ती हसली, आणि तिला रडू आलं, आणि बायकांना वाटलं आनंदाने आलं. खोटं बोलताना माणसाला इतकं सुख व्हावं, ही देवाने केलेली मोठी चूक आहे.

कासिल्दाने पैसे रुमालात बांधून दिले. वर स्वतःचे थोडे घातले. "बाळाच्या पहिल्या बुटांसाठी," म्हणाली.

घरी जाताना युदेल्काने मनाशी सगळं नीट लावून घेतलं. खोटं ते काय मोठं? नंबर तर तिचाच होता. तिचंच तिला मिळालं, थोडं वाकडं बोट करून. पंधरा दिवसांत स्लॅब पडेल. स्लॅब पडली की फाउस्तोचं "आधी" संपेल. मग काय, महिन्या-दोन महिन्यांत खोट्याचं खरं होईल, आणि बाळ जरा उशिरा आलं तर उशिरा आलं, आमच्या वस्तीत कोण बोटं मोजत बसतंय? फाउस्तोला रात्री सगळं सांगून टाकायचं. आधी तो चिडेल, मग हसेल. आणि मग दोघं मिळून त्या सळयांकडे बघतील.

फक्त एक गोष्ट तिच्या हिशेबातून सुटली. वस्तीचे पाय तिच्या पायांपेक्षा जोरात पळत होते.

ती कोल्मादोपाशी पोचली तेव्हा दुकानदार चिची फळीवरून वाकून ओरडला, "आई! आमची आई आली! ये, तुला थंड सरबत फुकट!" आत चार माणसांच्या हातांत बिअरच्या बाटल्या होत्या. "फाउस्तोने पाजली सगळ्यांना," चिची म्हणाला. "मीच सांगितलं त्याला. बिचारा एवढा मोठा माणूस, फळीला धरून उभा राहिला. मला म्हणतो, परत सांग. मी परत सांगितलं. मग म्हणतो, अजून एकदा. शेवटी मी म्हटलं, बाबा, तुझी बायको गरोदर आहे की माझी?"

"कुठे आहे तो?"

"गेला ना. मोटरसायकलला किक मारली आणि गेला, वर, डोंगराकडे. मला वाटलं तुला ठाऊक असेल."

डोंगरात फाउस्तोचं एकच माणूस होतं. तिने फोन लावला. तिकडे फोन लागत नाही, कधीच लागत नाही, तरी ती संध्याकाळपर्यंत लावत राहिली. रात्र तिने पलंगाच्या कडेवर बसून काढली. पैशांचा रुमाल तिने साखरेच्या डब्यामागे ठेवला आणि परत काढून उशीखाली ठेवला आणि परत डब्यामागे ठेवला.

फाउस्तो रविवारी दुपारी आला. मोटरसायकलच्या हँडलला एक काळी कोंबडी पाय बांधून उलटी टांगलेली होती. त्याने तिला आणून स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलं. मग युदेल्काकडे बघितलं. सात वर्षांत त्याने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. तो जवळ आला, पण त्याने तिला मिठी मारली नाही. धुळीचे हात पँटला पुसले आणि एक हात तिच्या पोटापाशी नेला, आणि तिथेच थांबवला, लावला नाही. लावायची परवानगी मागत असावा तसा.

"बस," ती म्हणाली. "जेवलास का?"

"आईकडे जेवलो."

आई हा शब्द तो कधी वापरायचा नाही. नेहमी तोमासिना म्हणायचा, नाहीतर "ती वरची."

"मला कुणालातरी सांगायचं होतं," फाउस्तो म्हणाला. "चिचीने सांगितलं, आणि माझ्या डोक्यात एकच आलं. तिला जाऊन सांगायचं. तोंडावर सांगायचं, की बघ, माझं येतंय, आणि मी देणार नाही कुणाला. अख्ख्या रस्त्यात तेच घोकत गेलो. पोचलो, ती शेंगा सोलत बसली होती. मी सांगितलं. जसं ठरवलं होतं तसंच सांगितलं. उभ्याउभ्या."

"मग?"

"मग काय. बस म्हणाली. मला म्हणाली, मी तुला दिलंच कधी? छप्पर झालं, त्याच महिन्यात तुला न्यायला खाली आले होते. नवी चप्पल घेऊन आले होते तुला. तू आउराच्या ओट्यावर बसला होतास. पायात बूट, हातात पाव. मला बघितलंस आणि पळत जाऊन आउराच्या झग्यामागे लपलास." फाउस्तोने पँटवरची धूळ झटकली. "म्हणाली, मी उभी राहिले थोडा वेळ. तू काही बाहेर येईनास. मला वाटलं, ओढून नेलं तर रडेल, आणि माझ्याकडे बूट नाहीत. मग गेले परत. चप्पल धाकट्याला झाली."

युदेल्काने पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवला.

"मला काही आठवत नाही, युदे. झगा आठवतो. हिरवा होता. पण ती आलेली आठवत नाही. एवढी वर्षं मी त्या पत्र्यांना धरून बसलो. पत्रे तर लागले होते कधीच." तो हसला, पण त्याचे डोळे भरले होते. "स्लॅब टाकायची, ती तर टाकूच. पण आता समज, नसती पडली, तरी मला चाललं असतं. काल चिचीने सांगितलं तेव्हा मला स्लॅब आठवलीच नाही बघ. आठवायला नको होती का? मी कशाला घाबरत होतो इतकी वर्षं?"

त्याने कोंबडीकडे बोट दाखवलं. "ही तिने दिली. तुझ्या बाळंतपणाच्या सूपाला. म्हणाली, आधी कापायची नाही, त्याच दिवशी कापायची. तिची सगळ्यांत चांगली अंडी देणारी आहे. मी नको म्हणत होतो. ऐकेना. पोराला काही देता आलं नाही, नातीला तरी देते म्हणाली. नात म्हणाली, काय माहीत कसं, मुलगा की मुलगी, मी तिला काही सांगितलं नव्हतं."

युदेल्काला वाटलं आपण उभ्या उभ्या मातीत जावं. काल रात्री तिने या क्षणाची किती वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आता हाताशी नव्हतं.

"फाउस्तो," ती म्हणाली, "बाळ नाहीये."

तो खुर्चीवरून पुढे वाकला आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "गेलं? काल? मी इथे नव्हतो तेव्हा?"

आणि वाट मोकळी झाली. तिने काही केलं नाही, त्यानेच दार उघडून दिलं. गेलं म्हटलं की झालं. तो तिला जवळ घेईल. उद्या कासिल्दा सूप घेऊन येईल, चेआ भांडी घासेल, पैसे कुणी परत मागणार नाही, असे पैसे कोण परत मागतं? डोंगरातली म्हातारी मेणबत्ती लावेल. अख्खी वस्ती तिच्यासाठी रडेल, आणि ती सुद्धा रडेल, अगदी खरं रडेल, कारण गेल्या एका दिवसात ते तिचं झालंच होतं. कात्रीवर बसलेली ती मुलगी. तिने तिला नावसुद्धा ठेवलं होतं रात्री. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं.

"गेलं नाही," युदेल्का म्हणाली. "नव्हतंच. मी खोटं बोलले. यारित्साला राहिलंय. माझा नंबर परत जाणार होता, सगळ्या बघत होत्या माझ्याकडे, आणि माझ्या तोंडातून निघालं. काही नाहीये, फाउस्तो. कधीच नव्हतं."

तो उठला, इतक्या जोरात की खुर्ची पडली.

"मी आईला सांगितलं," तो म्हणाला. "ती रडली. शेजारणींना हाका मारून बोलावलं तिने. मी तिथे बसून केक खाल्ला! तुला खोटं बोलायला दुसरं काही मिळालं नाही?"

"काय मिळणार होतं दुसरं?" आता युदेल्काचाही आवाज चढला. "काय होतं माझ्याकडे? सात वर्षं बरं म्हणतेय मी तुला. आधी जमीन, बरं. आधी भिंती, बरं. आधी बीम, बरं. वस्तीतल्या सगळ्या पोटुश्यांचे केस धुतले मी या हातांनी. पैसे साठवता येतात, फाउस्तो. माझं वय कुठल्या भिशीत घालून ठेवू? कासिल्दाकडे तसली भिशी नाहीये!"

तो बाहेर निघून गेला.

युदेल्का जमिनीवर बसली. मोटरसायकल सुरू होईल म्हणून ती कान देऊन होती. झाली नाही. कोंबडी बांधलेल्या पायांनी कुशीवर पडून एका डोळ्याने तिच्याकडे बघत होती, मधूनच घशात काहीतरी बोलत होती. उद्या पार्लरमध्ये जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. बेकरीवालीला सांगायचं, जी प्रार्थना करत होती. कासिल्दाला सांगायचं. कासिल्दा कामावर ठेवील की नाही कुणास ठाऊक. पण आत्ता तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला फक्त तो हात आठवत होता, पोटापर्यंत येऊन थांबलेला.

फाउस्तो आत आला तेव्हा त्याच्या हातात पक्कड होती, सळयांची तार तोडायची. रडलेला माणूस लपत नाही, आणि तो लपवतही नव्हता. तो कोंबडीजवळ उकिडवा बसला आणि पकडीने तिच्या पायांची सुतळी तोडली. कोंबडी उठायला गेली आणि पडली. पाय बधिर झाले होते.

"सोडतोस?" युदेल्काने विचारलं. "परत नाही नेऊन द्यायची?"

"परत कशी नेऊ?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नेली तर काय सांगू तिला?"

"खरं सांग. मी सांगते."

"सांगू. पण कोंबडी ती परत घेणार नाही. बाळंतपणाची आहे म्हणाली." त्याने तुटलेली सुतळी बोटाला गुंडाळली. "पैसे उद्या यारित्साला दे. महिनाभर कुणाच्या दारात राहील ती पोर?"

"आणि स्लॅब?"

"सळया गंजतील थोड्या. गंजल्या तरी धरतात, माझं रोजचं काम आहे ते." मग त्याने वर पत्र्याकडे बघितलं. "मी पत्र्याखालीच जन्मलोय, युदे."

तिला कळलं तो काय म्हणतोय. सात वर्षं जे ऐकायला ती जीव टांगून बसली होती ते हेच होतं, आणि ते आलं तेव्हा तिला आनंदापेक्षा भीती जास्त वाटली.

"मी छत्तीसची आहे," ती म्हणाली. "होईलच असं नाही, फाउस्तो. आता उशीर झाला असेल."

"असेल."

"मग ही म्हातारी होऊन मरेल अशीच."

"मरू दे. तोवर अंडी देईल." तो थांबला. "मका आहे का घरात?"

मका नव्हता. युदेल्काने डब्यातून मूठभर तांदूळ काढले आणि जमिनीवर टाकले. कोंबडी लंगडत दोन पावलं आली, थांबली, मान वाकडी करून दोघांकडे बघू लागली. फाउस्तो सरकून युदेल्काशेजारी भिंतीला टेकून बसला. त्याने हात पुढे केला आणि या वेळी थांबवला नाही. तिच्या रिकाम्या पोटावर तो तसाच ठेवून दिला, आणि दोघं ती कोंबडी तांदूळ खाते की नाही ते बघत बसली.